लाल ठिपक्यांचे चेंडू

“रापणीक बांगडो लागलो रेऽऽ!”

किनाऱ्यावरून हाक आली आणि रिसॉर्टच्या गोल्फच्या मैदानावरचे सगळे कॅडी खांद्यावरच्या पाहुण्यांच्या काठ्यांच्या पिशव्या तिथल्या तिथे टाकून पळत सुटले. आमच्या सुरंगवाडीत ही हाक आली की कोणी थांबत नाही. रापणीचं जाळं समुद्रातून ओढायला जितके हात असतील तितके कमीच, आणि जो दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा. मी तेव्हा खाडीत पोटरीभर पाण्यात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होते. टोपली अर्धीच भरली होती, म्हणून मी थांबले. नाहीतर मीही पळालेच असते.

कॅडींचा मुकादम बाबल तारी काठावर उभा राहून कपाळावर हात मारून घेत होता.

“मेल्यांनी माका तोंड दाखवूक जागा ठेवली नाय! खेळ सुरू होवचो नि हे बांगड्यांच्या पाठी!” मग त्याची नजर माझ्याकडे गेली. “गो द्वारके, हय ये. बेगीन ये.”

“कित्याक?”

“पिशवी उचलूची हा. दादासाहेबांच्या भैणीची. दादासाहेबांची मी घेतंय. नऊ होल फिराचे. काय बोलू नको, काय विचारू नको, पाठसून चल.”

“आणि माझ्यो तिसऱ्यो?”

“तिसऱ्यो खय पळान जातत?”

मी टोपली काठावरच्या झुडपात ठेवली, पाय धुतले, कासोटा घट्ट केला आणि वर आले. त्या दिवसापर्यंत त्या हिरवळीवर मी पाऊल ठेवलं नव्हतं. आमची वाट खालून, खाडीच्या चिखलातून होती. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते.

सुरूच्या झाडाखाली खुर्च्या टाकून भाऊबहीण चहा पीत होते. दादासाहेब शृंगारपुरे रेल्वेतले मोठे इंजिनियर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्यावर निळी टोपी. ते कप दोन्ही हातांनी धरत होते, तरी बशीवर ठेवताना तो कडकड वाजला. त्यांच्या बहिणीचं नाव कुमुद. साठीच्या पुढची, काटक, विजार घातलेली. विजार घातलेली म्हातारी बाई मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. दोघं दर नाताळात आठवडाभर सुट्टीला आमच्याकडे येत आणि शेवटच्या दिवशी एकमेकांशी सामना खेळत, एवढं मला ऐकून ठाऊक होतं.

“कुमे,” मला पाहून दादासाहेब म्हणाले, “आज तुझ्या पिशवीला तिसऱ्यांचा वास येणार.”

“येऊ दे. तुझ्या मिशीला कालच्या सुरमईचा येतोय, मी काही बोलले का?”

दादासाहेब एवढ्या मोठ्याने हसले की झाडावरचा कावळा उडाला. “बोलून घे, बोलून घे. ओळीने पाच वर्षं हरतेयस. शेवटचा होल आला की तुझा चेंडू गेलाच खाडीत. या वर्षी तरी खाडीला नैवेद्य दाखवू नकोस.”

“तिला माझाच आवडतो, त्याला मी काय करू?” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

मला त्या माणसाचा रागच आला. पाच वर्षं बहिणीला हरवतो आणि वर चिडवतो! त्याच क्षणी मी मनात धरलं, आज या बाईनेच जिंकायचं.

चालता चालता बाईंनी मला खेळ समजावला. प्रत्येक झेंड्याखाली एक भोक. ज्याने कमी फटक्यांत चेंडू भोकात घातला, ते भोक त्याचं. अशी नऊ. ज्याची जास्त, तो जिंकला. मला आकडे लिहिता येत नव्हते, अक्षर तर एकही ओळखत नव्हते. मी वाटेतून शिंपल्या उचलल्या. बाईंनी एक भोक जिंकलं की पदराच्या उजव्या गाठीत एक शिंपली टाकायची, साहेबांनी जिंकलं की डाव्या. हिशोब पक्का.

“सात नंबर दे,” बाई म्हणाल्या.

पिशवीत दहा-बारा काठ्या. प्रत्येकीच्या खाली लोखंडाचं पातं आणि पात्यावर आकडा. मी एकदा काठ्यांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

“बाई, माका आकडे येत नाय.”

मागून बाबलने ‘च्च’ केलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तीन काठ्या काढून माझ्यासमोर धरल्या. “आकडा सोड. पातं बघ. हे किती उभं आहे, आणि हे बघ, आभाळाकडे तोंड करून बसलंय. जितकं तोंड आभाळाकडे, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो.”

हे मला लगेच कळलं. वल्ह्याचं पातं पाण्यात किती कलतं धरलं की होडी कशी वळते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानंतर नऊ होल होईपर्यंत मी एकदाही चुकीची काठी दिली नाही.

पहिल्या झेंड्यासाठी बाईंनी खिशातून चेंडू काढला. त्याच्यावर लाल ठिपका होता. आपला चेंडू ओळखू यावा म्हणून त्यांनी नखाला लावतात त्या रंगाने काढलेला.

असले पाच चेंडू माझ्या घरी होते.

पाहुण्यांचे चेंडू खाडीत पडत, आणि तिसऱ्या काढताना आमच्या पायांना लागत. तिसऱ्या काही डोळ्यांनी दिसत नाहीत. पाय चिखलात फिरवायचे. अंगठ्याला कडक लागलं की त्याच जागी हात जातो आणि वस्तू टोपलीत येते. पाय थांबला की हात गेलाच. असे मिळालेले चेंडू आम्ही बायका बाबलला विकत असू. पण हे पाच मी दिले नव्हते. मला तो ठिपका कुंकवाचा वाटला होता. कुंकू लावलेली वस्तू विकू नये, म्हणून मी ते देवाच्या फळीवर ठेवले होते. रोज त्यांना फूल मिळत होतं.

आता कळलं ते कोणाचे! जीभ नुसती वळवळत होती. पण बाबलने बोलू नको म्हणून सांगितलं होतं. सामना जिंकल्यावर बाईंना ते पाची चेंडू ओटीत घालून द्यायचे, असं मी ठरवलं.

पहिलं भोक बाईंचं. दुसरं साहेबांचं. काय तो खेळ! लांबून पाहताना मला वाटे, ही श्रीमंत माणसं उन्हात काठी घेऊन उगाच फिरतात. जवळून पाहिलं तेव्हा ते मनातून गेलं. चेंडू हवेत गेला की माझी मान त्याच्यामागे जाई, तो वाळूत पडला की माझ्याच तोंडात वाळू गेल्यासारखं वाटे. बाई बारीक, पण फटका सणसणीत. मारायच्या आधी त्या पाय रोवत, झेंड्याकडे एकदा बघत, पुन्हा पायांकडे बघत, आणि मग मारत. मी पायांकडे बघणारी बाई. माझ्या लक्षात आलं की त्यांचे पाय जिकडे लागत, चेंडू बरोबर तिकडे जाई. बोटभरसुद्धा फरक नाही.

साहेबांचं तसं नव्हतं. मारण्याआधी त्यांचा उजवा हात थरथरे. ते ती थरथर थांबायची वाट बघत आणि मधल्या क्षणाला फटका मारत. कधी साधे, कधी चुके.

तिसऱ्या झेंड्याला बाईंनी नेम धरला आणि मला राहवलं नाही.

“बाई, थांबा. वारो फिरतलो आता. थोडा डाव्या हाताक मारा.”

झेंडा तर वाऱ्याविना लोंबत होता. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डावीकडे मारला. चेंडू वर जाईपर्यंत समुद्रावरून वारा आला, त्याने चेंडूला कुशीत घेतलं आणि झेंड्यापाशी नेऊन ठेवलं.

“अगं बाई!” बाई ओरडल्या. “तुझं नाव काय गं?”

“द्वारका.”

“दादा, पाहिलंस का? ही द्वारका. वारा हिच्या घरचा आहे!”

बाबल माझ्या कानाशी आला. “कायच बोलू नको म्हटललंय ना तुका?”

“वाऱ्याबद्दल खय म्हटललंस?”

दादासाहेबांनी ते ऐकलं. “बाबल, तुला का नाही रे वारा कळत? तूही इथलाच ना?”

“साहेब, मी डोंगराकडचो,” बाबल तोंड पाडून म्हणाला.

सहाव्या झेंड्यापर्यंत बाईंच्या चार शिंपल्या झाल्या आणि साहेबांच्या दोन. मी उड्या मारायचीच बाकी होते. मग सातवं साहेबांनी घेतलं, आठवंही घेतलं. आठव्याला बाईंचा अगदी जवळचा चेंडू भोकाच्या काठावरून निघून गेला. पदराच्या दोन्ही गाठी सारख्याच जड झाल्या. चार आणि चार.

राहिला नववा. खाडीवरचा.

या होलला अलीकडच्या काठावर उभं राहून चेंडू खाडीपलीकडे मारायचा. पलीकडे हिरवळ आणि झेंडा. मध्ये खाडीचं पाणी, आणि पाण्यात डाव्या अंगाला जुन्या धक्क्याची एक मेढ, म्हणजे चिखलात रुतलेला लाकडाचा जाड खांब. त्याच्यावर कायम एक बगळा. भरती सुरू झाली होती. मी सकाळी जिथे उभी होते तिथे आता पाणी चढत होतं.

आठवं भोक साहेबांनी जिंकलं होतं, म्हणून पहिला फटका त्यांचा. हात थरथरला, थांबला, त्यांनी मारलं. चेंडू पलीकडे पोचला आणि हिरवळीच्या अलीकडच्या गवतात थांबला.

“चला कुमुदताई,” साहेब टोपी सारखी करत म्हणाले, “खाडी वाट बघतेय.”

बाईंनी लाल ठिपक्याचा चेंडू मांडला. पाय रोवले. झेंड्याकडे पाहिलं. पायांकडे पाहिलं.

आणि मी पाहिलं, पाय झेंड्याकडे नव्हते. ते मेढीकडे होते.

“बाई, बाई, थांबा!” मी धावतच पुढे गेले. “पाय वळले तुमचे! मेढीकडे झाले. म्हणूनच दरवर्षी चेंडू थयच जाता तुमचो!”

“द्वारका, बाजूला हो,” बाई एकदम कडक आवाजात म्हणाल्या.

पण माझं तोंड आता सुटलं होतं. “माझ्या घराक पाच असत. लाल ठिपक्याचे, पाची तुमचे. दरवर्षी एक. याच दिवसांत मिळतत. पाची त्या मेढीच्या मुळाशी मिळाले माका. एका सुपात मावतील, एवढ्याच जाग्यात. पाय जरा उजवीकडे घ्या म्हणजे...”

मी बोलायची थांबले, कारण कोणीच हलत नव्हतं. बाबलने मान खाली घातली होती. बाई चेंडूकडे बघत होत्या. दादासाहेब दोन पावलं पुढे आले.

“पाची?” त्यांनी मला विचारलं.

“होय साहेब.”

“एका सुपात मावतील एवढ्या जागेत?”

“होय.”

ते मेढीकडे बघत राहिले. वाऱ्याने त्यांच्या टोपीची कड उडत होती. मी काहीतरी वाईट केलं एवढं मला कळलं, पण काय ते कळेना.

“कुमे.”

“हात वळतो रे माझा इथे.”

“आठ होल नाही वळला.”

“दादा...”

“पाच वर्षं.” त्यांनी आपला उजवा हात वर केला, तो थरथरत होता, आणि डाव्या हाताने धरून खाली घेतला. “हा सुरू झाल्यापासून.”

बाईंनी काठीचं टोक गवतात रोवलं.

“झेंड्याकडे बघून मार,” दादासाहेब म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण बहिणीला चिडवताना त्यात जे हसू असे ते आता नव्हतं. “हरवायचं असेल तर हरव. हरायचं असेल तर मी हरवीन. पण खोटं मारलंस तर देवाशपथ, पुन्हा तुझ्याबरोबर काठी हातात धरणार नाही.”

बाईंनी डोळे पुसले. पुन्हा उभ्या राहिल्या. पाय फिरवून झेंड्याकडे केले. माझ्याकडे न बघता विचारलं, “आता?”

“आता सरळ,” मी म्हटलं.

त्यांनी खरोखर मारला. सकाळपासून एवढ्या जोराने त्यांनी मारला नव्हता. आणि म्हणूनच बहुतेक, चेंडू काठीच्या टोकाला लागला. वर गेला, डगमगला, आणि पलीकडच्या काठाच्या अलीकडे, खाडीच्या चिखलात, चप्प आवाज करून गेला.

मग दादासाहेब हसायलाच लागले. पोट धरून हसले. “पाच वर्षं मुद्दाम! आणि आज खरोखर!”

“अरे हसतोस काय गाढवा!” बाई ओरडल्या, पण त्याही हसत होत्या, रडतही होत्या.

“हसू नको तर काय? चल, अजून मेली नाहीस. चेंडू सापडला तर चिखलातून मार. पाच मिनिटं.” साहेब माझ्याकडे वळले. “द्वारका, नीट ऐक. पायाने शोधायचं. पायाने हलला तर माफ आहे. पण हातात घेतलास तर बाईंना एक फटका दंड. हात लावायचा नाही. कळलं?”

“कळलं.”

पूल लांबून होता. मी पिशवी बाबलच्या अंगावर टाकली आणि सरळ खाडीत उतरले. मधल्या धारेत पाणी छातीपर्यंत आलं. पलीकडे पोचले तेव्हा चेंडू पडला ती जागा पाण्याखाली गेली होती. भरतीच्या छोट्या छोट्या लाटा आत येत होत्या आणि चिखल ढवळत होत्या. डोळ्यांचा उपयोग नव्हता. मी डोळे मिटले आणि पाय फिरवायला लागले.

शिंपली. दगड. पुन्हा शिंपली. एक खेकडा, तो चावला. मागून पुलावरून तिघांच्या धावण्याचा आवाज. “तीन मिनिटं!” साहेबांची आरोळी. त्यांनाही घाई झाली होती, सापडावा म्हणून. “दोन!”

डाव्या अंगठ्याला गोल लागलं.

आणि माझा हात निघाला. तीस-पस्तीस वर्षांची सवय ती. अंगठ्याने सांगितलं की हात विचारत नाही. कोपरापर्यंत पाण्यात गेला, बोटं उघडली, आणि तेवढ्यात बाबल काठावरून किंचाळला, “द्वारके, हात! हाऽऽत!”

मी हात असा वर काढला जसा विस्तवातून काढावा. दोन्ही हात डोक्यावर ठेवले, तसेच ठेवून ओरडले, “गावलो! पायाखाली हा! हात नाय लावलंय, बघा, हात हय असत!”

साहेब टाळ्या वाजवत होते. होय, साहेबच.

बाई बूट काढून, विजार गुडघ्यांवर गुंडाळून चिखलात उतरल्या. “कुठेय?”

“माझ्या अंगठ्यापाशी. पण आता मारू नका. दिसाचो नाय. तीन लाटा येतत, मग पाणी एकदा मागे सरता. तेव्हा दिसतलो. टाचा रुतवा, नाहीतर पडशात.”

बाबलने काठावरून पुढे केलेल्या पिशवीतून मी त्यांना आभाळाकडे तोंड असलेली काठी दिली. त्यांनी टाचा रुतवल्या. पहिली लाट आली, आमच्या पोटऱ्यांना लागून गेली. दुसरी. बाईंचा श्वास मला ऐकू येत होता. तिसरी मोठी होती, बाई हलल्या, मी त्यांची पाठ धरली आणि सोडली. मग पाणी सुर्र करत मागे गेलं. मी पाय उचलला. काळ्या चिखलात अर्धा पांढरा चेंडू, वर लाल ठिपका.

“आता!”

बाईंनी मारलं. चिखलाचा एवढा मोठा लोट उडाला की माझं तोंड, डोळे, केस, सगळं भरलं. मला काही दिसेना. मी नुसती विचारत होते, “गेलो? खय गेलो? बाबल, खय गेलो?”

“हिरवळीर! अगो, हिरवळीर गेलो! झेंड्याकडे!”

आम्ही दोघी एकमेकींना धरून चिखलातून वर चढलो. चेंडू झेंड्यापासून चार हातांवर होता. साहेबांनी आपला गवतातला चेंडू काठीने अलगद उडवला, तो सहा हातांवर थांबला. दोघांचे दोन-दोन फटके झाले. जो लांब त्याची पाळी आधी.

साहेब वाकले. हात थरथरत होता. त्यांनी वाट पाहिली, खूप वेळ वाट पाहिली. थरथर थांबलीच नाही. शेवटी तशाच हाताने त्यांनी चेंडू ढकलला. तो भोकाच्या बाजूने गेला आणि वीतभर पुढे थांबला.

आता बाईंनी एका फटक्यात घातला तर सामना त्यांचा.

बाई चेंडूमागे उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. अंगावरून चिखल निथळत होता. त्या भावाच्या हाताकडे बघत होत्या.

“कुमे,” दादासाहेब म्हणाले, “इकडे नको बघूस. भोकाकडे बघ.”

बाईंनी भोकाकडे पाहिलं. चेंडू निघाला. हळू, फार हळू. काठावर गेला, अर्धा फेरा घेतला, आणि आत पडला. टक्!

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. बाबल नंतर गावभर सांगत होता की मी कासोट्यासकट चार फूट उडाले. पदराच्या गाठी सुटल्या आणि शिंपल्या हिरवळीवर सांडल्या. पण सगळ्यांत मोठी आरोळी साहेबांची होती. त्यांनी टोपी आभाळात फेकली. वाऱ्याने ती खाडीत नेली, तिकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चिखलाने माखलेल्या बहिणीला त्यांनी मिठीत घेतलं आणि गोल फिरवलं. “हरलो! बाबल, ऐकलंस का? मी हरलो!”

संध्याकाळी मी पाच चेंडू फडक्यात बांधून घेऊन गेले. बाईंनी हात पुढे केला, पण साहेब म्हणाले, “ते माझ्याकडे दे.” एकेक चेंडू फिरवून त्यांनी ठिपका पाहिला आणि खिशात टाकला. मग बाबलला म्हणाले, “उद्यापासून हिचं नाव कॅडींच्या यादीत लिही. आणि ते तिला स्वतःला लिहिता आलं पाहिजे. पुढच्या वर्षी मी बघणार आहे.”

पुढच्या वर्षी त्यांनी बघितलं, तर मला अजून येत नव्हतं. आता काठी धरवत नव्हती, म्हणून ते छोट्या गाडीत बसून आमच्यामागे फिरत, आणि एका झेंड्यापासून दुसऱ्या झेंड्यापर्यंत मला शिकवत. आधी काठ्यांवरचे आकडे, मग अक्षरं. त्यांचा हात हले, त्यामुळे त्यांनी काढलेला ‘द’ नागमोडी येई आणि मीही तो तसाच गिरवला. अजून माझा ‘द’ तसाच येतो. त्याच्या पुढच्या वर्षीही आले. तेव्हा सामन्याचे फटके मांडायचं सगळं कार्ड मी लिहिलं.

त्यानंतरच्या नाताळात बाई एकट्या आल्या. त्या दिवशी त्या आधीचे आठ होल खेळल्या नाहीत. मला घेऊन सरळ नवव्याला आल्या. खिशातून पाच जुने चेंडू काढून गवतावर ओळीने मांडले. ठिपके फिके झाले होते.

“त्याच्या टेबलाच्या खणात होते,” त्या म्हणाल्या. “सात नंबर दे.”

मी आकडा वाचून दिली.

त्यांनी पाय रोवले. मेढीकडे. मेढीवर बगळा होता. पहिला चेंडू गेला आणि मेढीच्या मुळाशी पडला. बगळा उडाला. दुसरा तिथेच. तिसरा तिथेच. वारा फिरला, मी तोंड उघडणार होते, पण त्यांनीच पाय बोटभर सरकवले. चौथा. पाचवा. पाची एका सुपात मावतील एवढ्या जागेत.

“काढून आणू?” मी विचारलं.

“नको. राहू दे.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी तिसऱ्या काढायला उतरले. मेढीजवळ डाव्या अंगठ्याला गोल, कडक लागलं. हात निघाला. कोपरापर्यंत पाण्यात गेला. मी तो रिकामाच वर घेऊन कमरेवर ठेवला, आणि पायाने थोडा चिखल ओढून चेंडूवर सारला.